खडूतात्याची रेघ

ठेव ती किल्ली टेबलावर. ठेव रे, पळून नाही जात ती. आणि तुझी आई काही शिवणयंत्रासाठी आज रात्री दारात ताटकळत बसलेली नाही. पंधरा वर्षं ते यंत्र आमच्या कोपऱ्यात धूळ खात पडलंय, आणखी एक रात्र पडेल. साडेदहा वाजलेत. आत्ता निघालास तर पोचणार एकला, आणि सकाळी आठला ऑफिस. काल किती झोपलास? ... तीन तास. आणि परवा? ... आठवत नाही! वा, शाब्बास. भाचा शोभतोस.

आणि हो, मघाशी जेवताना विचारायचं राहिलं. साडेतीनला निघालो म्हणून तू फोन केलास. अडीच तासांचा रस्ता. सहाला तुझी मामी चहाचं आधण ठेवून बसली होती. तू आलास सव्वासातला. कुठे थांबला होतास? ... कुठेच नाही? रस्त्यात गर्दी होती? ... तीही नाही. मग सव्वा तास गेला कुठे? ... "घड्याळ पुढे गेलं असेल" म्हणे! हसू नकोस. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

बस. अर्धा तास बस. एक गोष्ट सांगतो, ती ऐक, आणि मग जायचं तर खुशाल जा. मामा अडवणार नाही. तायडे, तो मोठा दिवा घालव गं, डोळ्यावर येतोय. तूही बस इथे, या तुझ्या आतेभावाशेजारी. आणि दोघांनी हुंकार द्यायचा बरं का. मी बोलतोय आणि समोरून 'हं' येत नाही, असं झालं की माझी जीभ अडते.

मी प्रेसमध्ये मशीनवर होतो तेव्हाचं हे. रिटायर व्हायच्या आधीचं वर्ष, म्हणजे काही फार जुनं नाही. आमच्याकडे पेपर पोचवायचा एक बंद टेम्पो होता. रात्री सव्वा वाजता गठ्ठे भरायचे, दीडला गाडी बाहेर. वाटेत चौदा ठिकाणी गठ्ठे टाकायचे, शेवटचा साडेचारला. ती गाडी चालवायचा त्याला सगळे घुबड म्हणायचे. नाव काय करायचंय तुला? त्याला त्या घुबडपणाचा अभिमान होता. रात्रभर गाडी चालवून सकाळी ताजातवाना असल्यासारखा प्रेसच्या फाटकावर गप्पा ठोकत उभा राहायचा. आणि कुणी म्हटलं, "अरे जा, झोप जरा," की त्याचं एक ठरलेलं उत्तर असायचं. "झोप काय, मेल्यावर आहेच की!"

गठ्ठे टाकायला त्याच्याबरोबर एक म्हातारा असायचा. खडूतात्या. कानावर कायम निळा खडू. कुठला गठ्ठा कुठे उतरवायचा ते त्या खडूनं गठ्ठ्यावर लिहायचा, आणि लिहायचा डाव्या हातानं. तात्या मागे गठ्ठ्यांवर बसायचा, ड्रायव्हरच्या पाठीशी. मधला पत्रा कापून काढलेला होता, त्यामुळे दोघांना बोलता यायचं. घुबडानं ते "मेल्यावर आहेच" वाक्य टाकलं की आम्ही सगळे हसायचो. तात्या हसायचा नाही. एकदा म्हणाला, "मेल्यावरही सगळ्यांना मिळत नाही बाबा."

आम्हाला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

तर घुबडाच्या घरी कोण कोण, तर बायको, सहा वर्षांची पोरगी, आणि अंडी घालणारी एक म्हैस. ... तायडे, काय झालं गं एवढं खोकायला? पाणी पी. ... आणि तू? तू 'हं' म्हणालास ना? म्हणालास. बरं. पुढे ऐक.

आता या दोघांची एक पद्धत होती. गाडी प्रेसमधून निघाली की तात्या गोष्ट सुरू करायचा. सुरुवात नेहमी एका शब्दानं. "तर..." एवढं म्हणून थांबायचा. घुबडानं 'हं' म्हणायचं, मग पुढे. प्रत्येक वाक्याला 'हं'. गोष्ट एकच, वर्षानुवर्षं चाललेली. एक माणूस असतो आणि त्याला घरी जायचं असतं. बस, एवढीच गोष्ट. रोज त्याच्या वाटेत काहीतरी निघायचं. नदी निघायची, चोर निघायचे, कधी चुकीच्या घराचं दार निघायचं. घुबड विचारायचा, "तात्या, पोचतो का हो तो शेवटी?" तात्या म्हणायचा, "तू जागा राहिलास तर पोचेल."

पण माणूस मोठा लबाड प्राणी आहे. सवय झाली की झोपेतही 'हं' म्हणतो. स्टीअरिंगवर हात, डोळे उघडे, तोंडानं 'हं, हं' चालू, आणि आत सगळा अंधार. हे तात्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो मधूनच एखादं भलतंच वाक्य घुसडायचा. त्याच सुरात, काही विशेष नसल्यासारखं. "मग तो माणूस नदी ओलांडून गेला, पलीकडे एक झाड होतं, आणि मग म्हशीनं अंडं घातलं." जागा असलेला घुबड ओरडायचा, "ओ तात्या, काहीतरीच काय!" आणि झोपलेला घुबड म्हणायचा...

बरोबर. 'हं' म्हणायचा.

तो 'हं' आला की तात्या एक शब्द बोलायचा नाही. मधल्या फटीतून हात घालायचा आणि हँडब्रेक ओढायचा. आधी हळूहळू, मग कर्र्र करून शेवटपर्यंत. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर कुठून यायचा देव जाणे, पण तात्यानं ओढलेला ब्रेक सोडायला घुबडाला दोन्ही हात लावावे लागायचे. गाडी बाजूला घ्यायची आणि अर्धा तास झोपायचं. पेपर उशिरा पोचला तर बोलणी तात्या खायचा. आणि घुबड झोपून उठला की तात्या गाडीच्या छताला, ड्रायव्हरच्या डोक्यावर, त्या निळ्या खडूनं एक रेघ मारायचा. उभी रेघ, खाली डावीकडे वळलेला बाक. मी पाहिलंय ते छत. रांगाच्या रांगा होत्या.

घुबड एकदा चिडून म्हणाला, "किती वेळा थांबलो ते सगळ्यांना दाखवता होय?" तात्या म्हणाला, "थांबलास त्याची नाही रे गाढवा. झोपलास त्याची रेघ आहे ती. एक रेघ म्हणजे एकदा घरी पोचलास."

तात्याचं वयही झालंच होतं. एका दुपारी जेवला, आडवा झाला, तो उठलाच नाही. चांगलं मरण आलं म्हणाले लोक. घुबड हमसून हमसून रडला. वर्षानुवर्षं पाठीमागून ऐकलेला आवाज, एकदम बंद. प्रेसनं दुसरा माणूस दिला नाही. एकट्यानं होतंय ना, मग चालवा, असं म्हणाले.

आणि इथेच घुबडानं चूक केली. वाईट हेतूनं नव्हे, मायेपोटी केली. त्याची पोरगी पहिलीत गेली होती. ही जागी असायची तेव्हा बाप घोरत पडलेला, आणि बाप जागा असायचा तेव्हा ही झोपलेली. एक दिवस तिनं शाळेत चित्र काढलं, 'माझे बाबा' म्हणून. पलंग, पांघरूण आणि पांघरुणातून बाहेर आलेले दोन पाय. बायको हसत हसत दाखवायला गेली. घुबडाला ते हसण्यावारी नेता आलं नाही. ते चित्र त्याच्या काळजात रुतलं. त्याच आठवड्यात शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर काम सोडून गेला, आणि हा म्हणाला, "मी चालवतो." सकाळी सव्वासातपासून अकरा पोरं गोळा करायची, त्यात अकरावी स्वतःची. ती पुढे, बाबांच्या शेजारी बसणार. ती एवढी खूश झाली की रात्री शाळेचा गणवेश घालूनच झोपली.

बायको म्हणाली, "अहो, पण मग तुम्ही झोपणार कधी?"

"दुपारी."

"दुपारी परत पोरांना आणायचंय."

"मग त्यानंतर. अगं, मला घुबड म्हणतात!"

पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात त्यानं चहात मीठ घातलं आणि पिऊन टाकला. तिसऱ्यात प्रेसच्या फाटकावर मला म्हणाला, "दादा, ते हे द्या ना... ते... ज्यानं लिहितात ते." पेन हा शब्द आठवेना गड्याला. बायकोवर कधी आवाज चढवला नव्हता, तो ताट आपटून उठायला लागला. आणि नंतर तिच्यासमोर रडायचा, आपण असं का केलं म्हणून. मी म्हटलं, "अरे, एक काहीतरी सोड." तर म्हणाला, "सोडलं तर पोरगी परत पाय काढेल माझे." पोटाला अन्न मिळालं नाही तर पोट ओरडून सांगतं. झोप मिळाली नाही तर आत कुणी ओरडत नाही रे, सगळे गपचूप एकेक दिवा मालवत जातात. आणि घरमालकाला वाटतं, काय छान शांत आहे.

ऐकतोयस ना? ... हं.

थंडीचे दिवस होते. सोमवारची रात्र. पेपरवर मंगळवारची तारीख, सतरा. पेपरच्या गाडीत कायम उद्याची तारीख असते. तात्याला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. मी स्वतः गठ्ठे भरून दिले, दार लावलं, पाठीवर थाप मारली. दीड वाजता गाडी फाटकातून बाहेर पडली. पुढचं मी घुबडाच्याच तोंडून ऐकलंय, एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

धुकं होतं. सहा ठिकाणचे गठ्ठे टाकून झाले. तीनला दहा कमी होती. गाडीतला रेडिओ महिनाभर बंद पडलेला. खिडकी उघडी ठेवलेली, गार वाऱ्यानं जाग राहावी म्हणून. तो स्वतःशीच पाढे म्हणत होता. सातचा पाढा. सात सक बेचाळीस, सात साते...

सात साते किती, ते आठवेना.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"तर..."

त्यानं आरशात पाहिलं. मागे गठ्ठे होते. गठ्ठ्यांवर गठ्ठे. दुसरं काही नाही.

तो म्हणतो, पाय ब्रेकवर गेलाच नाही. वर्षानुवर्षांची सवय. तोंडातून आपोआप निघून गेलं.

"हं."

"तर तो माणूस," मागून आवाज म्हणाला, "शेवटी घराच्या रस्त्याला लागला."

"हं."

"फार दमला होता."

"हं."

आवाज तात्याचाच. तोच जरासा घोगरा, तीच थांबायची ढब. फक्त दोन शब्दांच्या मध्ये श्वास ऐकू येत नव्हता. तात्याला दमा होता. बोलताना त्याच्या छातीत घरघर व्हायची, ती घरघर नव्हती. घुबडाला ओरडावंसं वाटत होतं. मागे वळून पाहावंसं वाटत होतं. मान वळेना. हात स्टीअरिंगवर होते, पण ते त्याचे नव्हते. समोर धुकं. पांढरं. आणि पांढरं होत चाललेलं.

"त्यानं आपलं सगळं काम नीट केलं."

"हं."

"घरी गेला. बायको म्हणाली, बरं आहे ना? तो म्हणाला..."

"हं."

"बायको म्हणाली, डोळे लाल दिसताहेत, झोप झाली का? तो म्हणाला..."

"हं."

"मग तो परत निघाला."

"हं."

"आता त्याच्या मागे पोरं बसली होती."

घुबड म्हणतो, मला तेव्हा वाटलं, कसली पोरं? पेपरच्या गाडीत कुठली पोरं? विचारायचं होतं. तोंड उघडलं.

"हं."

"दहा पोरं. आणि शेजारी एक. त्याची."

"हं."

"ती त्याला काहीतरी सांगत होती."

"हं."

"तो ऐकत नव्हता."

"...हं."

"पुढे रस्ता वळला."

"हं."

"तो वळला नाही."

...

"पुढे कालवा होता."

"हं."

"भरलेला."

"हं."

मग आवाज थांबला. खूप वेळ. घुबड वाट पाहत राहिला. मग अगदी कानाशी. त्याच सुरात. काही विशेष नसल्यासारखं.

"आणि मग म्हशीनं अंडं घातलं."

...

"हं."

कर्र्र्र...

घुबडाचं कपाळ काचेवर आपटलं. डोळे उघडले. उघडेच होते ते, पण आता दिसायला लागलं. ऊन होतं, लख्ख. धुक्याचा मागमूस नाही. हातात टेम्पोचं स्टीअरिंग नव्हतं, शाळेच्या व्हॅनचं होतं. आठला वीस कमी. समोर रस्ताच नव्हता. गवत होतं, आणि गवतापलीकडे हातभर अंतरावर कालव्याचं पाणी, काठोकाठ. पुढचं एक चाक काठाच्या मातीत रुतलेलं. मागे दहा पोरं दप्तरं छातीशी धरून बसलेली. आणि शेजारी त्याची लेक. तिचा चेहरा पांढराफटक.

"बाबा," ती म्हणाली, "मी केव्हाची सांगतेय, रस्ता चुकला. तुम्ही नुसतं हं हं करताय."

त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. उरलेले आठ गठ्ठे टाकले ते नाही. घरी गेला, आंघोळ केली, चहा प्यायला, ते नाही. लेकीला शेजारी बसवून दहा घरांसमोर हॉर्न वाजवला, दहा पोरं उचलली, तेही नाही. तीनला दहा कमी असताना धुक्यात जो गेला, तो आठला वीस कमी असताना कालव्यावर निघाला. बायकोला नंतर विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्ही तर अगदी नीट होतात. मी विचारलं बरं आहे ना, तर हं म्हणालात. झोप झाली का, तर हं म्हणालात."

हँडब्रेक वर होता. शेवटपर्यंत.

"तू ओढलास का गं?" त्यानं लेकीला विचारलं. तिनं मान हलवली. तिच्या कमरेला पट्टा होता, दोन्ही हातांनी तिनं तो धरलेला होता, बोटं सोडवावी लागली. आणि सहा वर्षांच्या पोरीचा हात तो केवढा! घुबडानं ब्रेक सोडून पाहायला एक हात लावला. हलेना. दोन्ही हात लावले, तेव्हा हलला. तसाच परत ओढून ठेवला.

सगळ्यात मागे बसलेला एक चिमुरडा हळूच म्हणाला, "काका, म्हैस खरंच अंडं घालते?"

घुबड वळला. "कोण म्हणालं असं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ज्याला त्याला वाटत होतं, दुसरा म्हणाला.

त्यानं एकेकाला उचलून खाली उतरवलं, कालव्यापासून लांब झाडाखाली बसवलं, मोजलं. पुन्हा मोजलं. अकरा. दुसऱ्या व्हॅनवाल्याला फोन करून बोलावलं, पोरं शाळेत पाठवली. लेकीला पोटाशी धरलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपलात तरी चालेल. मी चित्रात तोंडपण काढीन."

मग तो व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवा झाला. साडेआठ वाजले होते. कुणी आलं, कुणी गेलं, व्हॅन दोरीनं मागे ओढली, त्याला पत्ता नाही. अकरा तास. अकरा तास मेल्यासारखा झोपला तो. झोपेत एकदाच कुणीतरी कानाशी म्हणालं, "पोचला बरं का तो." बस, तेवढंच. जाग आली तेव्हा बाहेर अंधार झाला होता. पुढच्या सीटवर लेक बसलेली, मोबाईलच्या उजेडात गृहपाठ करत. बायको बाहेर डबा घेऊन उभी. "आई म्हणाली, उठवायचं नाही," पोरगी म्हणाली.

घुबडानं वर पाहिलं. व्हॅनच्या छताला, बरोबर त्याच्या डोक्यावर, एक निळी रेघ. उभी. खाली डावीकडे बाक.

तात्या त्या व्हॅनमध्ये कधी बसला नव्हता. घुबडाच्या हातात ती व्हॅन आली त्याच्या आधीच तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी घुबडानं पेपरची गाडी सोडली. आता नुसती शाळेची व्हॅन चालवतो, रात्री नऊच्या ठोक्याला झोपतो, जग बुडालं तरी उठत नाही. त्याला घुबड म्हटलेलं चालत नाही. आणि प्रेसनं रात्रीच्या गाडीवर दोन माणसं ठेवली, ती मी भांडून ठेवायला लावली. लोक म्हणाले, ब्रेक पोरीनंच ओढला असेल, भीतीनं बळ येतं. रेघ कुठल्या पोरानं मारली असेल. असेल बाबा. मी काही वाद घालत नाही. पण तात्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मेल्यावरही सगळ्यांना मिळत नाही. मला वाटतं, तो अजून बसतो कुठल्या ना कुठल्या गाडीत मागे. इतकी माणसं अर्धी झोपून रस्त्यावर हिंडताहेत, त्याला कुठली झोप?

संपली गोष्ट. काय, निघतोस?

निघायच्या आधी एकच सांग. घुबडाच्या घरी कोण कोण होतं? ... बायको, बरोबर. पोरगी. आणि? ... आणखी कुणी नाही? तायडे, सांग गं त्याला. ... ऐकलंस? अंडी घालणारी म्हैस. मी तुझ्या तोंडावर म्हणालो, आणि ही बया हसू दाबायला खोकत होती. आणि तू काय म्हणालास? 'हं' म्हणालास. डोळे उघडे होते तुझे. माझ्याकडे बघत होतास.

...

अरे, रागावत नाही मी. एकुलता एक भाचा आहेस, तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? राहतोस ना? शहाणा माझा बाळ. सकाळी सहाला मी स्वतः उठवतो, ऑफिसला उशीर झाला तर मामाचं नाव सांग. जा, गाडीतून बॅग घेऊन ये. तो टॉर्च ने, अंगणातला दिवा गेलाय. तायडे, तू याची गादी घाल, जाड उशी दे.

...

काय गं, किती वेळ लागतो एक बॅग आणायला? गाडी तर दारातच आहे.

...

आलास? मग असा दारात का उभा? आत ये, गार वारं येतंय. बॅग कुठे आहे? ... काय? ... हळू बोल, मामी झोपलीय. ... छताला? गाडीच्या आत? ... नाही रे. मी फिरकलोही नाही तुझ्या गाडीकडे. तायडेही नाही, ती इथेच आहे मघापासून. ... निळी?

थांब. थांब जरा. नीट आठवून सांग. खाली बाक आहे तिला?

...

कुठल्या बाजूला?

...

बस. आधी इथे बस माझ्याजवळ. तायडे, मोठा दिवा लाव.

सव्वा तास कुठे गेला, विचारत होतो ना मी तुला. सापडला.